सोलापूर शहराची लोकसंख्या

महाराष्ट्र राज्याच्या दक्षिण भागातील सोलापूर या जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ९,५१,५५८ होती. १९०१ मध्ये ती ७५,२८८ होती. म्हणजे एकशे दहा वर्षांत शहराची लोकसंख्या सु. साडेबारा पट झाली. ही वाढ मात्र एकसारख्या गतीने झालेली नाही. १९११ मध्ये लोकसंख्या घटलेली दिसते, तर १९२१ मध्ये ती जवळजवळ दुप्पट झालेली दिसते. १९९१–२००१ या दशकात ती एकदम ४४ टक्क्यांनी वाढते आणि त्यानंतरच्या दशकात वाढीचे प्रमाण ९ टक्क्यांवर येते. या चढउतारांपैकी काही खऱ्या स्थलांतराचे निदर्शक आहेत, तर काही केवळ गणनेच्या वेळची परिस्थिती व शहराची हद्द यांतून निर्माण झालेले आहेत. या दोहोंची फोड केल्याशिवाय शहराच्या वाढीचा इतिहास नीट उलगडत नाही.

गणनेपूर्वीचे शहर : कोरीव लेखांतून सोन्नलिगे या नावाने येणारे हे स्थान बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वर यांच्या कार्यामुळे प्रसिद्धीस आले. सिद्धेश्वर तलाव व त्यातील मंदिर हे त्या काळापासून वस्तीचे केंद्र राहिले आणि कन्नड भाषिक लिंगायत समाज हा शहराच्या सर्वांत जुन्या थरांपैकी एक ठरला. बहमनी व पुढे आदिलशाही–निजामशाही काळात येथील भुईकोट किल्ल्याला लष्करी महत्त्व आले. त्याच्या आश्रयाने मुसलमान शिपाई, कारागीर व विणकर यांची वस्ती वाढली. पेशवाईच्या अखेरीस, १८१८ मध्ये, इंग्रजांनी किल्ला घेतला. त्यानंतर छावणीचा जो भाग उभा राहिला, त्याला अद्यापि ‘लष्कर’ असेच म्हणतात. मराठी, कन्नड व तेलुगू या तीन भाषांच्या प्रदेशांना जोडणाऱ्या मार्गांवर हे शहर वसलेले आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानाची सीमा शहरापासून थोड्याच अंतरावर होती, तर आग्नेयेस अक्कलकोट संस्थान होते. सीमेलगतच्या या स्थानामुळे दुष्काळ, कर वा राजकीय अशांतता यांनी त्रस्त झालेल्या लोकांना सोलापूर हे जवळचे आश्रयस्थान वाटत असे.

लोहमार्ग, दुष्काळ व गिरण्या : ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीचा लोहमार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला. काही काळ तो येथेच थांबल्यामुळे आसपासचा कापूस, गळिताची धान्ये व कापड यांचा व्यापार शहरात एकवटला. गुजराती, मारवाडी व जैन व्यापाऱ्यांची कुटुंबे येथे स्थिरावली. १८७१ मध्ये पूर्ण झालेल्या एकरुख तलावामुळे पाण्याचा मोठा साठा शहराजवळ उपलब्ध झाला. १८७२ च्या पहिल्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पन्नास हजारांहून थोडी अधिक भरली.

यानंतर लवकरच १८७६–७७ चा मोठा दुष्काळ आला. दुष्काळग्रस्त जिल्ह्यांत सोलापूरची गणना अग्रभागी होते. ग्रामीण भागातून, तसेच निजामाच्या राज्यातील तेलंगणातून माणसे शहराकडे वळली. याच सुमारास, १८७७ मध्ये, मुरारजी गोकुळदास यांनी स्थापन केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी सुरू झाली. लोकांच्या तोंडी तिचे नाव पुढे ‘जुनी गिरणी’ असे रूढ झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू व जामश्री या गिरण्यांची भर पडली. दुष्काळाने गाव सोडावयास लावलेला मजूर आणि त्याला काम देणारी गिरणी यांची अशी जोड येथे जमून आली. १८८१ मध्ये साठ हजारांच्या आसपास असलेली लोकसंख्या १८९१ मध्ये ६१,९१५ व १९०१ मध्ये ७५,२८८ झाली. १८९६–९७ व १८९९–१९०० या दोन दुष्काळांचा या शेवटच्या वाढीत मोठा वाटा होता.

तेलुगू विणकरांचे स्थलांतर : सोलापूरच्या लोकसंख्येला जो विशेष आकार लाभला, तो मुख्यतः पद्मशाली समाजाच्या आगमनामुळे होय. करीमनगर, वरंगळ, नलगोंडा, महबूबनगर इ. तेलंगणातील जिल्ह्यांतून हे विणकर पिढ्यान् पिढ्या येत राहिले. पेशव्यांच्या काळापासून येथे काही प्रमाणात तेलुगू विणकरांची वस्ती होती. गिरण्यांचे सूत सहज मिळू लागल्यावर हातमागाचा धंदा वाढला आणि स्थलांतराला वेग आला. तेलंगी पाच्छा पेठ हे पेठेचे नाव या वसाहतीची साक्ष देते. साळी, कोष्टी, मोमीन इ. इतर विणकर समाजही शहरात होतेच.

मुंबईच्या गिरणगावात कोकण व घाटावरून येणारा कामगार बहुधा एकटा येत असे आणि कुटुंब गावी ठेवीत असे. त्यामुळे तेथे पुरुषांची संख्या स्त्रियांच्या मानाने फार मोठी होती. सोलापूरचे स्थलांतर यापेक्षा निराळ्या प्रकारचे होते. हातमाग हा एकट्याने चालविण्याचा धंदा नव्हे. पुरुष मागावर बसला, तर कांड्या भरणे, सूत उकलणे, ताणा लावणे ही कामे बायका व मुले करीत. साहजिकच विणकर कुटुंबासह आला आणि ज्या घरात राहिला त्याच घरात त्याने माग मांडला. गावी परतण्याचे प्रमाण त्यामुळे कमी राहिले. घर हेच कारखाना असल्याने वस्ती दाट झाली आणि शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषा, मार्कंडेय मंदिर व समाजाच्या संस्था यांसह एक स्वतंत्र लोकजीवन स्थिरावले.

१९११ ची घट : १९०१ मध्ये ७५,२८८ असलेली लोकसंख्या १९११ मध्ये ६१,३४५ भरली. दहा वर्षांत १८ टक्क्यांहून अधिक घट झाली, असा याचा वरकरणी अर्थ होतो. या दशकात शहरात गिरण्यांची संख्या वाढत होती. त्यामुळे ही घट उद्योगाच्या मंदीमुळे झाली नाही, हे स्पष्ट आहे. तिचे कारण प्लेग हे होय. १८९६ मध्ये मुंबईत उद्‌भवलेली ही साथ लवकरच दख्खनच्या शहरांत पसरली आणि पुढे कित्येक वर्षे हिवाळ्यात ती पुन्हापुन्हा उलटत राहिली. घरात उंदीर पडू लागले की लोक घरदार सोडून शहराबाहेर माळावर झोपड्या बांधून राहत, किंवा नातलगांच्या गावी जात. जनगणना फेब्रुवारी–मार्चमध्ये, म्हणजे नेमक्या याच मोसमाच्या अखेरीस होत असे. साथीने मेलेल्यांची संख्या मोठी होती यात शंका नाही. परंतु नोंदलेल्या घटीचा बराच भाग शहराबाहेर गेलेल्या, पण शहराच्याच असलेल्या लोकांचा होता, असे मानणे प्राप्त होते.

१९२१ च्या गणनेत याचे प्रत्यंतर येते. त्या वर्षी लोकसंख्या १,१९,५८१ झाली. १९११ च्या आकड्याच्या तुलनेने ही वाढ ९५ टक्के भरते. १९१८ च्या इन्फ्ल्यूएंझाच्या साथीने मोठा संहार झालेला असताना अशी वाढ होणे असंभवनीय वाटते. १९०१ च्या आकड्याशी तुलना केली, तर वीस वर्षांतील वाढ सु. ५९ टक्के ठरते. पहिल्या महायुद्धाच्या काळातील कापडाची मागणी, गिरण्यांचा विस्तार आणि १९१८ व १९२० या वर्षांतील अवर्षण ही कारणे लक्षात घेता ती विश्वसनीय आहे. मधला १९११ चा आकडा हा साथीच्या मोसमातील रिकाम्या शहराचा आकडा होय.

तारेच्या कुंपणातील वस्ती : गिरण्यांना मजूर पुरविणारा आणखी एक मार्ग या काळात निर्माण झाला. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने अनेक भटक्या जमातींना जन्मतः ‘गुन्हेगार’ ठरविले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी सक्तीच्या वसाहती उघडण्यात आल्या. त्यांतील एक मोठी वसाहत सोलापूर येथे होती. कैकाडी, पारधी, भामटे, मांग-गारुडी इ. जमातींच्या कुटुंबांना तेथे तारेच्या कुंपणात ठेवण्यात आले. वसाहतीतील स्त्री-पुरुष गिरण्यांत कामाला जात. मात्र त्यांना ठराविक वेळी हजेरी द्यावी लागे व परवान्याशिवाय बाहेर राहता येत नसे. शहरातील इतर रहिवाशांची मोजणी दहा वर्षांतून एकदा होत असताना या लोकांची मोजणी रोज होत होती. मुंबई राज्यात १९४९ मध्ये हा कायदा रद्द झाला व १९५२ मध्ये तो देशभर संपुष्टात येऊन या जमाती विमुक्त झाल्या. पुष्कळ कुटुंबे तेथेच राहिली. त्या भागाचे ‘सेटलमेंट’ हे नाव अद्यापि प्रचारात आहे.

बहुभाषिक शहर : अशा रीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत शहराची सामाजिक घडण पूर्ण झाली. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, गुजराती व मारवाडी बोलणारे समाज एकमेकांशेजारी राहू लागले. गिरणीच्या खात्यांतून व पेठांतून त्यांचा नित्य संबंध येत होता. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शहरावर लष्करी कायदा पुकारण्यात आला. त्या प्रकरणी १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा तुरुंगात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चौघांना फाशी देण्यात आले. लिंगायत, मुसलमान, मराठा व मारवाडी अशा चार समाजांतील या हुतात्म्यांच्या नावांतून शहराची तत्कालीन रचनाच प्रकट होते.

१९४१ पर्यंत लोकसंख्येने दोन लक्षांचा टप्पा ओलांडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाला मोठी मागणी होती. १९४७–४८ मध्ये हैदराबाद संस्थानातील रझाकारांच्या अत्याचारांमुळे सीमेपलीकडील अनेक कुटुंबांनी सोलापूरचा आश्रय घेतला. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईत भारतीय सैन्याची एक प्रमुख तुकडी सोलापूरहूनच नळदुर्गमार्गे हैदराबादकडे गेली. कारवाईनंतर काही कुटुंबे परतली, काही येथेच राहिली. १९५१ मध्ये लोकसंख्या पावणेतीन लक्षांच्या आसपास होती. सध्याच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात त्या वेळी मुंबई, पुणे व नागपूर यांच्या खालोखाल सोलापूरचाच क्रमांक लागत होता. शहराच्या या अवस्थेचा तपशीलवार अभ्यास धनंजय रामचंद्र गाडगीळ यांनी केला. सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहणीवरील त्यांचा ग्रंथ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९६५ मध्ये प्रसिद्ध केला.

गिरणीकडून यंत्रमाग व विडीकडे : स्वातंत्र्योत्तर काळात गिरण्यांना उतरती कळा लागली. जुन्या गिरणीचा कारभार बिघडल्यामुळे १९५० मध्ये केंद्र सरकारने खास अध्यादेश व पाठोपाठ कायदा करून तिचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात देण्यात आलेले आव्हान भारतीय संविधानाच्या अभ्यासात महत्त्वाचे मानले जाते. तरीही ही गिरणी १९६० नंतरच्या दशकात बंद पडली. लक्ष्मी-विष्णू गिरणीची अखेर १९९० नंतरच्या दशकात झाली व पाठोपाठ नरसिंग गिरजी गिरणीही थांबली.

गिरण्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. हातमाग विणणाऱ्या पद्मशाली कुटुंबांतील काहींनी यंत्रमाग बसविले आणि चादरी व टॉवेल यांचे उत्पादन वाढविले. जॅकार्ड पद्धतीने विणलेली सोलापुरी चादर देशभर पोचली. पुढे तिला भौगोलिक निर्देशांकही लाभला. गिरणीत कामगार हजेरीपटावर असे व त्याला कायद्याचे संरक्षण होते. यंत्रमागाचे कारखाने लहान व विखुरलेले असल्याने तेथील मजुराला हे संरक्षण क्वचितच मिळाले. घरातील मिळकत अशी अनिश्चित झाल्यावर तिचा भार स्त्रियांवर आला. पूर्व भागातील हजारो स्त्रिया विडी वळण्याच्या कामाला लागल्या. कारखान्यातून तेंदूची पाने, तंबाखू व दोरा घरी आणावयाचा, विड्या वळून त्यांच्या जुड्या बांधावयाच्या आणि दुसऱ्या दिवशी त्या मोजून द्यावयाच्या, असा हा व्यवसाय आहे. विडीकामगारांसाठी १९६६ मध्ये स्वतंत्र केंद्रीय कायदा झाला. घरी बसून काम करणारी स्त्री ही सोलापूरच्या अर्थव्यवस्थेचा एक प्रमुख आधार बनली. जनगणनेत अशा स्त्रीची नोंद कामगार म्हणून व्हावयाची की गृहिणी म्हणून, हे पुष्कळदा गणकाने प्रश्न कसा विचारला यावर अवलंबून असते. म्हणूनच या शहराच्या कामकरी लोकसंख्येचे आकडे वापरताना सावधगिरी बाळगणे आवश्यक ठरते.

या काळातील वाढ मध्यम स्वरूपाची होती. १९६१ मध्ये लोकसंख्या ३,३७,५८३ व १९७१ मध्ये ३,९८,३६१ होती. या दशकातील वाढ १८ टक्के होते. १९७१–८१ या दशकात मात्र ती एक चतुर्थांशाहून अधिक वाढली आणि शहराने पाच लक्षांची मर्यादा ओलांडली. १९७२–७३ च्या दुष्काळाने जिल्ह्यातील शेतमजूर व अल्पभूधारक शहराकडे आले, हे याचे एक प्रमुख कारण होय. शंभर वर्षांपूर्वी जे घडले होते तेच या वेळी पुन्हा घडले. पण आता त्यांना सामावून घेण्यास नवी गिरणी नव्हती. पुष्कळांना बांधकाम, हमाली, फेरीचा व्यापार व यंत्रमाग यांवर निर्वाह करावा लागला. झोपडपट्ट्यांची वाढ याच काळात ठळकपणे दिसू लागली.

हद्दवाढ व तिचा परिणाम : १ मे १९६४ रोजी सोलापूर नगरपालिकेचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. तिचे क्षेत्र पुढे दीर्घकाळ सु. ३३ चौ. किमी. राहिले. १९९१ मध्ये या क्षेत्रात ६,०४,२१५ लोक राहत होते. म्हणजे दर चौ. किमी. ला सु. १८,३०० इतकी दाट वस्ती होती. १९९२ मध्ये भोवतालची गावे समाविष्ट करून महानगरपालिकेची हद्द सु. १७८ चौ. किमी. पर्यंत वाढविण्यात आली. क्षेत्र एका निर्णयाने पाचपटींहून अधिक झाले.

२००१ मध्ये लोकसंख्या ८,७२,४७८ भरली. १९९१ च्या मानाने ही वाढ सु. ४४ टक्के होते; पण दोन्ही आकडे एकाच भूभागाचे नाहीत. समाविष्ट गावांतील लोक आपल्या जागी पूर्वीपासून राहतच होते. १९९१ मध्ये ते ग्रामीण म्हणून मोजले गेले व २००१ मध्ये नागरी म्हणून. माणसे शहरात आली नाहीत. शहराची रेषा त्यांच्यापलीकडे सरकली. त्याचबरोबर लोकसंख्येची घनता दर चौ. किमी. ला ४,९०० च्या आसपास उतरलेली दिसते. परंतु जुन्या पेठांतील दाटी यामुळे कमी झाली नाही. ही घनता सरासरीची असून त्या सरासरीत आता शेते व मोकळे माळ यांचाही समावेश झालेला आहे.

हद्दवाढीचे परिणाम केवळ संख्याशास्त्रीय नव्हते. नव्या भागातील रहिवाशांवर नागरी कर बसू लागले. पण रस्ते, गटारे व नळ यांची सोय तितक्या वेगाने झाली नाही. एकरुख तलाव फार पूर्वीच अपुरा ठरला होता. शहराला भीमा नदीवरील टाकळी येथून व पुढे उजनी धरणातून थेट जलवाहिनीने पाणी आणावे लागले. तरीही काही दिवसांआड पाणी, हा येथील नागरिकांचा दीर्घकालीन अनुभव राहिला. पाण्याची योजना लोकसंख्येच्या अंदाजावर आखली जाते. त्यामुळे गणनेतील चूक किंवा तिचा चुकीचा अर्थ यांची झळ प्रत्यक्ष घरांपर्यंत पोहोचते.

२००१ नंतरची मंद वाढ : २००१–११ या दशकात हद्द तीच राहिली, म्हणून या दोन आकड्यांची तुलना योग्य ठरते. वाढ ७९,०८० म्हणजे सु. ९ टक्के झाली. याच दशकात सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८,४९,५४३ वरून ४३,१७,७५६ झाली, म्हणजे सु. १२ टक्क्यांनी वाढली. महाराष्ट्राची वाढ सु. १६ टक्के होती. शहर ज्या जिल्ह्याचे केंद्र आहे, त्या जिल्ह्यापेक्षाही ते मंद गतीने वाढले, ही गोष्ट नागरीकरणाच्या नेहमीच्या प्रक्रियेला सोडून आहे. राज्यात या काळात जन्मदर मृत्युदरापेक्षा हजारी दहांहून अधिक होता. केवळ या नैसर्गिक वाढीनेच दशकात दहा टक्क्यांहून अधिक भर पडावयास हवी होती. ती पडली नाही, याचा अर्थ शहरात येणाऱ्यांपेक्षा शहर सोडणारे अधिक होते.

शहर सोडणाऱ्यांचा ओघ मुख्यत्वे पुण्याकडे आहे. सोलापुरात १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय निघाले. अभियांत्रिकी व इतर शिक्षणसंस्था वाढल्या. २००४ मध्ये स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाले व २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. शिक्षित तरुणांची संख्या वाढली. परंतु त्यांना सामावून घेईल असा मोठा उद्योग गिरण्यांनंतर आला नाही. १९७१ मध्ये नासिक व औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) या दोन्ही शहरांपेक्षा सोलापूर मोठे होते. २०११ मध्ये नासिकची लोकसंख्या १४,८६,०५३ व औरंगाबादची ११,७५,११६ झाली. राज्यातील शहरांत सोलापूर चौथ्या क्रमांकावरून अकराव्या क्रमांकावर गेले. एके काळी दुष्काळपीडितांना आश्रय देणारे हे शहर आता स्वतःच माणसे बाहेर पाठवू लागले.

हद्दीबाहेरचे सोलापूर : मंद वाढीचे आणखी एक कारण शहराच्या सीमेवर आढळते. विडीकामगार स्त्रियांच्या घरांसाठी दीर्घकाळ चळवळ झाली. तीत नरसय्या आडम यांचे नेतृत्व प्रमुख होते. या चळवळीतून दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी येथे सु. १०,००० घरांची गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते २००६ मध्ये तिचे लोकार्पण झाले. त्याच परिसरात रे नगर या वसाहतीतील १५,००० घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते असंघटित कामगारांना देण्यात आली. यंत्रमाग कामगार, विडीकामगार, कचरावेचक, वाहनचालक अशा लोकांसाठी ती आहेत.

या वसाहती महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहेत. त्यांतील रहिवासी काल-परवापर्यंत शहराच्या पूर्व भागात भाड्याच्या खोल्यांतून राहत होते आणि त्यांचे काम, बाजार व दवाखाना शहरातच आहे. वसाहती पूर्ण भरल्यावर दर घरी चारच माणसे धरली, तरी ही संख्या एक लक्ष होते. २००१–११ या संपूर्ण दशकात शहराची जी वाढ नोंदली गेली, तिच्याहून ती मोठी आहे. गणनेच्या दृष्टीने ही माणसे शहरातून वजा होतात व ग्रामीण भागात जमा होतात. १९११ मध्ये माळावरच्या झोपड्यांत गेलेल्या सोलापूरकरांना शहराच्या आकड्यात स्थान मिळाले नव्हते. साथीच्या जागी स्वस्त जमीन हे कारण आले, इतकाच काय तो फरक. मात्र झोपड्यांतील माणसे साथ ओसरताच घरी परतत. कुंभारीची वस्ती कायमची आहे. पाणी, शाळा, दवाखाना व शहराकडे नेणारी बस या बाबतींत तिची जबाबदारी कोणावर, हा प्रश्न त्यामुळे तिच्यापुढे सदैव उभा राहतो.

सद्यःस्थिती : २०२१ मध्ये व्हावयाची जनगणना कोविड-१९ च्या साथीमुळे लांबणीवर पडली. जून २०२५ मध्ये निघालेल्या अधिसूचनेनुसार पुढील गणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरविण्यात आली. परिणामी २०२५ मध्ये महानगरपालिकेची जी प्रभागरचना झाली, तिलाही २०११ चाच आकडा आधारभूत धरावा लागला. हिंदू समाजाखालोखाल एक पंचमांशाच्या आसपास मुसलमान, शिवाय बौद्ध, जैन व ख्रिस्ती असे या लोकसंख्येचे धार्मिक स्वरूप २०११ मध्ये होते. भाषिक दृष्ट्या मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू या चार प्रमुख भाषा शहरात नांदतात.

गेल्या दीडशे वर्षांत सोलापूरच्या लोकसंख्येत जी खरी भर पडली, ती दुष्काळ, सूत व माग यांच्यामुळे पडली. १९११ ची घट व २००१ ची उसळी ही मात्र गणनेच्या वेळेची व सीमारेषेची फले होत. पुढील गणनेत महानगरपालिकेचा आकडा दहा लक्षांच्या वर जाईल की खाली राहील, याला प्रतिष्ठेच्या दृष्टीने महत्त्व दिले जाणे स्वाभाविक आहे. नियोजनाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, शहर व त्याच्या हद्दीला लागून असलेल्या कुंभारीसारख्या वसाहती यांचे आकडे एकत्र मांडले जावेत. रोज सकाळी कामासाठी शहरात येणारी आणि रात्री हद्दीबाहेर निजणारी ही माणसे सोलापूरच्या हिशेबात धरली, तरच या शहराला किती पाणी, किती शाळा व किती घरे लागतील याचा अंदाज खरा ठरेल.